सातवा रकाना

पहाटे पावणेपाचला गल्लीच्या टोकावरच्या मशिदीतली बांग विरत आली की हेस्ती उठत असे, आणि तेव्हापासून सव्वासातपर्यंत तिच्या हातून जे जे घडे त्याचा क्रम गेल्या अकरा वर्षांत बदललेला नव्हता. आधी चहाचे आधण. सोलो शहरात एकाच पुड्यातला चहा पाजणे म्हणजे अंगचोरपणा मानतात. हेस्ती तीन पुड्यांतला चहा एकत्र करी, दोन चमचे रंगासाठी, एक चमचा कडवटपणासाठी आणि अर्धा मोगऱ्याच्या वासासाठी. हे प्रमाण तिला सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात दिले होते. तोंडाने सांगितले नव्हते. तीन दिवस तिच्यासमोर करून दाखवले आणि चौथ्या दिवशी चमचा ओट्यावर ठेवून त्या बाजूला झाल्या. चहा मुरेपर्यंत दोघी मागच्या अंगणात जात. तिथे बांबूचा उंच खांब होता, खांबाच्या शेंड्याला कप्पी, आणि त्या कप्पीवरून दोरीने रोज सकाळी होल्याचा पिंजरा वर चढवायचा असे. पक्षी सासऱ्यांचा, ते जाऊन नऊ वर्षे झाली, पण त्याला वारा लागला पाहिजे आणि तो घुमला पाहिजे, हा नेम सासूबाईंनी मोडला नव्हता. त्यांचे हात अलीकडे कापत. म्हणून त्या पुढे उभ्या राहून दोरी ओढीत आणि हेस्ती मागे उभी राहून तीच दोरी धरी; भार सगळा मागच्या हातांवर येई, पण पिंजरा इबूंनी, म्हणजे सासूबाईंनी, चढवला असेच दिसे. याबद्दल दोघींत कधी एक शब्द झाला नव्हता. मग हिरव्या झाकणाच्या बाटलीतला एकेक थेंब त्यांच्या दोन्ही डोळ्यांत. दिवसातून तीनदा हे थेंब चुकवायचे नाहीत, नाहीतर उरलेली नजर जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि मग चहा. पेल्यावरचे झाकण काढून इबू एक घोट घेत आणि म्हणत, "एवढा कशाला त्रास घेतेस, न्दुक. चालेल. चहा आहे." न्दुक म्हणजे पोरी. 'चालेल' हा त्यांच्या तोंडचा सर्वांत वरचा शब्द होता.

साडेसहाला भात विकणारी बू पार्ती पाठीवर टोपली बांधून येई आणि ओट्यावर बसून केळीच्या पानात नारळाच्या दुधातला भात, वर दुधीची पातळ भाजी आणि अंड्याची फोड वाढी. त्या सोमवारीही ती आली. "काय हो मास्तरीणबाई, सूनबाई आज नटून-थटून? कुठं मिरवणूक?" तिने विचारले. इबू हसल्या. "आमची सून? तिला कोण बोलावणार मिरवायला. भात लाव म्हटलं तर पुस्तकात बघून लावते." "आणि तरी करपवत असेल!" "करपवते ना. अकरा वर्षं करपवतेय." बू पार्ती खदखदून हसली, हेस्तीही हसली. जावा बेटावर आपल्या घरच्यांची ओळख याहून वेगळ्या शब्दांत कुणी करून देत नाही. आपले घर म्हणजे झोपडी, आपला मुलगा म्हणजे अर्धवट, आपल्या हातचा पदार्थ म्हणजे कसाबसा गिळण्याजोगा. पाहुण्याचे मात्र सगळे थोर. लहानपणापासून हेस्तीने हे इतके ऐकले होते की ते तिच्या कानांवर पडत असे, आत शिरत नसे.

त्या सोमवारी तिच्या मनात खरे तर एक निश्चय स्थिर झाला होता. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाने तिला दोन वर्षांची संशोधनाची जागा देऊ केली होती आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर मागितले होते. नकाराचे पत्र तिने रविवारीच लिहून ठेवले होते. नवरा, दनांग, तुबानच्या सिमेंट कारखान्यात. दर दुसऱ्या शनिवारी घरी येई. ती गेली तर इबूंना घर बंद करून सुराबायाला थोरल्या मुलीकडे, वेनिंगकडे, जावे लागले असते. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, जिथे अंगण नव्हते, खांब नव्हता, आणि जिथे मायलेकींचे कधी पटले नव्हते. इबूंनी या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. "तुझं तू बघ, न्दुक. माझं काय, कुठेही एक चटई," एवढेच. पत्र लिहून झाल्यावर हेस्तीला त्यागाचे दुःख वाटले नाही, एक उबदार अभिमान वाटला. आपण कुणाला तरी लागतो, या जाणिवेची ऊब. त्या उबेतच ती मोटारसायकलवरून भाषा विभागाच्या प्रयोगशाळेत पोहोचली.

प्रयोगशाळेतले काम सांगायला सोपे होते. जावानीज भाषेतली साधी वाक्ये घ्यायची, मोकळ्या जागांवर त्यांचे शब्द तोडायचे, प्रत्येक शब्दाला आधीच ठरवलेला भार लावायचा आणि बेरीज करायची. बेरीज शून्याच्या वर गेली तर वाक्य आनंदी, खाली गेली तर दुःखी. विभागप्रमुख हार्गियांतो, सगळ्यांचे 'पाक' म्हणजे सर, हे सांगताना हाताच्या कडेने टेबलावर वाक्य कापून दाखवीत. "भाव वाक्यात नसतो, हेस्ती. भाव शब्दात असतो. वाक्य म्हणजे नुसती पिशवी." भार ठरवण्यासाठी अकरा माणसे निवडली होती, प्रत्येकापुढे तीन हजार दोनशे शब्द, उणे पाचापासून अधिक पाचापर्यंत गुण. सत्तरीच्या पुढची, जुनी मानाची भाषा मुरलेली तीन माणसे हवी होती. त्यांतल्या एक म्हणून हेस्तीने इबूंनाच घेतले. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. "जे हवंसं वाटतं त्याला अधिक, नकोसं त्याला उणे," तिने समजावले होते, "आणि मी हे कागद बघणार नाही, इबू. दुसरी मुलगी उतरवून घेते. नावही नसतं, नुसता क्रमांक." इबूंनी मोठ्या अक्षरांतले कागद मांडीवर सारखे केले, लाल-निळी पेन्सिल हातात घेतली. "म्हणजे गुण द्यायचे. मग ते काय नवीन आहे मला?" चार महिने त्या रोज दुपारी खिडकीशी बसून गुण देत होत्या आणि दर शनिवारी पाकीट चिकटवून हेस्तीच्या हवाली करीत होत्या. कुणाचा क्रमांक कोणता हे फक्त हेस्तीला ठाऊक होते. इबूंचा सातवा.

अडचण निराळीच निघाली होती. दहा माणसे इतकी सभ्य होती की त्यांना शब्दांनाही दुखवता येईना. 'मृत्यू' या शब्दाला बहुतेकांनी उणे एक दिले होते, 'महामारी'ला उणे दोन; एका आजोबांनी 'खून' या शब्दाला उणे दोन देऊन समासात 'क्षमा असावी' असे लिहिले होते. सगळे तीन हजार शब्द शून्याच्या आसपास एकमेकांना वाट देत उभे होते. आणि त्या सोमवारी सव्वानऊला, कागद उतरवून घेणारी त्यास नावाची मुलगी एक कागद नाचवत हेस्तीच्या टेबलाशी आली.

"म्बाक, एक मिळालं! एक शूर माणूस मिळालं अखेर!" त्यास हसत होती. म्बाक म्हणजे ताई. "हे बघा ना, हे अधिक पाच आहे की उणे पाच? हात थरथरलाय यांचा."

हेस्तीने पाहिले. सातवा क्रमांक, बारावा कागद. बाकीचे आकडे खरेच कापरे होते, पावसात चालणाऱ्या मुंगीसारखे वळत गेलेले. पण ज्या शब्दावर त्यासचे बोट होते त्याच्यापुढची आडवी रेघ सरळ होती, पट्टी ठेवून ओढल्यासारखी. लाल. शब्द होता 'सून'.

"उणे," हेस्ती म्हणाली.

"बाप रे. उणे पाच! खुनाला दोन आणि सुनेला पाच! कुणाच्या घरी नांदतेय बिचारी कोण जाणे."

"कुणीतरी नांदत असेल," हेस्ती म्हणाली, आणि कागद परत देण्याआधी तिची नजर तशीच खाली गेली, कारण नजरेला थांबवता येत नाही. स्वयंपाकघर, उणे चार. पाहुणा, अधिक पाच. शेजारी, अधिक चार. साहेब, अधिक पाच. परका, अधिक तीन. मग तिने कागद दिला. त्यास आपल्या जागी गेली, तिची बोटे यंत्रावर वाजू लागली, आणि त्या आवाजात उणे पाच हा आकडा सातव्या रकान्यात जाऊन बसला.

तिला राग आला नाही. राग यायला काही झाले असल्याची खात्री लागते, आणि झाले असे काहीच नव्हते; फक्त अकरा वर्षांच्या खाली असलेली जमीन कुणी आवाज न करता काढून घेतली होती. ती बसून राहिली आणि तिच्या डोक्यात वाक्ये तोडणारा प्रोग्राम सुरू झाला. तो तिनेच लिहिला होता, त्यामुळे त्याला यंत्राची गरज नव्हती. एवढा. कशाला. त्रास. घेतेस. न्दुक. चालेल. चहा. आहे. कुठे होता यात एक तरी अधिकाचा शब्द? 'चालेल' हा शब्द तिने आनंदाचा धरला होता, अकरा वर्षे, दर सकाळी. कुणी सांगितले होते तो आनंदाचा आहे म्हणून? सात वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात तिचे पोट रिकामे झाले तेव्हा इबू तीन दिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या, आल्याचे गरम पाणी चमच्याने पाजीत. 'होतं असं,' त्या म्हणाल्या होत्या. 'आपलं नव्हतं ते. सोडून दे.' त्या वाक्याच्या आधाराने हेस्ती उठून उभी राहिली होती. आता तिने ते तोडले. आपलं. नव्हतं. ते. कुणाचे नव्हते? त्यांचे नव्हते, एवढाच अर्थ असेल का? भात करपवते, अकरा वर्षं करपवतेय. रीत म्हणून हसून सोडलेले प्रत्येक वाक्य आता परत फिरले आणि आपली किंमत मागू लागले. ती बाई खोटे बोलत नव्हती. ती दररोज, चारचौघांत, खरेच सांगत होती. आणि हेस्ती ते शिष्टाचार समजून गिळत होती. बोलण्याला रीत असते, आकड्याला नसते, हेच तर ती वर्गात शिकवीत आली होती. बंद पाकिटात, कुणी पाहणार नाही अशा खात्रीने, लाल पेन्सिलीने लिहिलेला आकडा. याहून खरे माणसाच्या हातून काय उतरणार?

दुपारी साडेबाराला ती नेहमीप्रमाणे थेंब घालायला घरी गेली. इबू खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या. मोटारसायकलचा आवाज गल्लीत वळला की त्या अशा बसत, सुनेचा वेळ मोडू नये म्हणून. हेस्तीने बाटली हातात घेतली, झाकण काढले आणि समोरच्या बाकावर बसली. का बसली ते तिला ठाऊक नव्हते. भिंतीवरचे घड्याळ बारा चाळीस दाखवीत होते. इबूंची मान मागे, डोळे छताकडे उघडे, गळ्यावरची सैल कातडी ताणलेली. हेस्ती पाहत राहिली. विचारतील, तिला वाटले. एक शब्द बोलतील, थेंब घाल ना म्हणतील, आणि त्या शब्दाला मी भार लावीन. बारा पंचेचाळीस. खुर्चीच्या हातावर बोटे कापत होती, मान कापू लागली. बारा बावन्न. बाहेर होला एकदा घुमला. इबूंनी मान तशीच ठेवली. एक वाजता हेस्ती उठली. "उशीर झाला, इबू."

"छे, कुठला उशीर. मीच लवकर बसले."

दोन थेंब. डोळ्यांतून बाहेर आलेले पाणी तिने कापसाने टिपले, नेहमीसारखेच, हलक्या हाताने. आणि तिला जाणवले की आपले हात अत्यंत स्थिर आहेत. अकरा वर्षांत इतके कधी नव्हते.

मंगळवारी तिने एकाच पुड्यातला चहा केला. इबूंनी घोट घेतला, क्षणभर पेल्यात पाहिले, म्हणाल्या, "चालेल." तो शब्द ऐकून तिच्या अंगातून एक थंड समाधान गेले: म्हणजे काहीही चालते. बुधवारी ती पिंजऱ्याच्या वेळी अंगणात गेली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने पाहिले. इबू दोरी धरून थोडा वेळ थांबल्या. मागे वळून पाहिले नाही, नुसत्या थांबल्या, पाठीमागे हात येतील एवढा वेळ. मग एकट्याच ओढू लागल्या. पिंजरा खांबाच्या निम्म्यापर्यंत गेला. तिथे हात संपले. दोरी तळव्यांतून सरकली आणि पिंजरा दाणकन जमिनीवर आला, दाणे उधळले, पक्षी गजांवर आपटून कोपऱ्यात बसला. हेस्ती चहा गाळत होती. गाळून झाल्यावर ती बाहेर गेली. इबू वाकून एकेक दाणा वेचत होत्या, नजर अधू असल्याने चाचपून. "माझाच हात," त्या म्हणाल्या. "म्हातारा झालाय." साडेसहाला बू पार्तीने विचारले, "आज होला गप्पसा?" इबू म्हणाल्या, "पक्षीच तसला. आमच्या घरात काय धड आहे?" आणि दोघी हसल्या. हेस्ती हसली नाही. ती उणे आकडे मोजत होती.

गुरुवारी तिने दोन फोन केले. दनांग यंत्रांच्या घरघरीत ओरडून म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर. मला काय कळतं त्यातलं? फक्त इबूला तूच सांग हं, मला नाही जमायचं." मग तिने विभागाच्या मागच्या व्हरांड्यात उभी राहून वेनिंगला लावला.

"अगंबाई, आज उजाडलं कुठे?" वेनिंग म्हणाली. "लाडक्या सूनबाईंना नणंदेची आठवण!"

"म्बाक, मला दोन वर्षं बाहेर जायचं आहे. इबू तुमच्याकडे..."

"येऊ देत की. नाही कसं म्हणू, आई आहे. चार जिने चढवून आणीन आणि एकदा वर आली की उतरायचं नाव नाही, सांगून ठेव. पक्षीबिक्षी आणायचा नाही. आणि माझ्या घरात माझी शिस्त, तिची नाही. तिच्या शिस्तीने माझं भलं झालंय तेवढं पुरे."

"असं काय हो, म्बाक."

"तुला काय माहीत? तुला बरी वागवते. मी चौथीत तिच्याच वर्गात होते. दर परीक्षेला माझे पाच गुण कापायची. बरोबर असलेल्या उत्तराचे! पहिली यायची मी, तिसरी आले. रडत विचारलं, तर काय म्हणाली माहितेय? 'आपलं ते खाली ठेवावं. वर ठेवलं की लोकांची नजर लागते.' पाच गुण, हेस्ती, आणि ते पण लाल पेन्सिलीनं, पट्टी धरून रेघ मारायची. दनांगलाही तेच. शाळेतल्या कुणाच्या पोराचे नाही कापले कधी, फक्त आमचे. आपले ना आम्ही! ऐकतेस का गं? हॅलो?"

"ऐकतेय," हेस्ती म्हणाली.

फोन ठेवून ती प्रयोगशाळेतल्या कपाटाशी गेली आणि सातव्या क्रमांकाचे सगळे ऐंशी कागद काढून टेबलावर मांडले. असे करायचे नाही, हा नियम तिचाच होता. मुलगा, उणे पाच. मुलगी, उणे पाच. अंगण, उणे पाच. होला, उणे पाच. चहा, उणे चार. दोरी, उणे दोन; दोरीला बाकी कुणीच काही दिले नव्हते, शून्यच. मृत्यूला इतरांसारखेच उणे एक, रोगाला उणे दोन. परक्याचे, पाहुण्याचे, सरकारचे सगळे वर, अधिकात, नीट पंगतीत बसवलेले. तीन हजार दोनशे शब्दांत पुरे उणे पाच मिळालेले शब्द सव्वीस होते आणि ते सव्वीस एकापुढे एक वाचले की सकाळचे घर उभे राहत होते. सव्वीस रेघा, सव्वीसच्या सव्वीस सरळ. 'मी' हा शब्द एकोणसाठाव्या कागदावर होता. त्याच्यापुढची जागा कोरी होती.

आता आनंद व्हायला हवा होता. ती त्याची वाट पाहत कागदांसमोर बसली. बाहेर विद्यार्थी सुटले, भिंतीवरची पाल सरकली, चहावाला पेले घेऊन गेला. आनंद आला नाही. शरम आली, पण तीही पाहुण्यासारखी, उंबऱ्यावर थोडा वेळ उभी राहून. तिच्यामागून जे आले त्याची तिला कल्पना नव्हती. सोमवारपासून आपण नीट श्वास घेत होतो, असे तिच्या ध्यानात आले. चार दिवस छातीवर कुणी बसलेले नव्हते. जी बाई आपला द्वेष करते तिच्यापासून उठून जाता येते. त्या उणे पाचाने तिच्यासाठी दार उघडले होते, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि दारापलीकडे थंड, रुंद, अनोळखी प्रकाश होता. आता वेनिंगने नकळत तेच दार लोटून बंद केले होते. आत पुन्हा दोरी, तीन पुडे, हिरवे झाकण. आत कुणाच्या तरी सव्वीस शब्दांतला एक शब्द होऊन राहायचे. खुर्चीसमोरची ती वीस मिनिटे तिने आठवली. ते द्वेषाला दिलेले उत्तर होते, असे तिने मानले होते. पण उत्तर कसले? प्रश्नच नव्हता. ते हात तिचेच स्थिर होते, आधीपासून, आणि त्यांना फक्त एक आकडा हवा होता.

शुक्रवारी सकाळी पाक हार्गियांतोंनी तिला बोलावले. "हा सातवा रकाना बाकी कुणाशीच जुळत नाही. घरगुती शब्दांत तर सगळी चिन्हं उलटी. कोण आहेत हे?"

"एक निवृत्त शिक्षिका, पाक."

"कागद समजला नसेल बिचारीला. हे बघ, काही कारण असेल तर लिही. खरंच कारण असेल तर त्याचा स्वतंत्र प्रबंध होईल. नसेल तर रकाना काढून टाक. सोमवारपर्यंत ठरव."

"ठरवते," ती म्हणाली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिने नकाराचे पत्र पुसले आणि होकाराचे पाठवले. ते तीन ओळींचे होते आणि त्यात एकही अवघड वाक्य नव्हते.

दुपारी थेंब घातल्यावर तिने इबूंना सांगितले. वेळेवर घातले होते. आदल्या रात्रीपासून ती सगळे वेळेवर करीत होती. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला विमान, त्याआधी सुराबायाला पोहोचवायला दनांग येईल, वेनिंग वाट पाहतेय. इबूंच्या पापण्या मिटलेल्या होत्या, औषध मुरायला तसे बसावे लागे. तशाच मिटल्या डोळ्यांनी त्या म्हणाल्या, "वेनिंगचं घर चांगलं आहे. उंचावर आहे. वारा असेल."

हेस्तीने ते वाक्य तोडले नाही. पण ते आपोआप तुटले. चांगले, उंच, वारा. एवढे अधिक त्यांच्या तोंडून घरातल्या कशालाही कधी मिळाले नव्हते.

शनिवारी सकाळी तिने तीन पुड्यांतला चहा केला. इबूंनी झाकण काढले, घोट घेतला. "फार उत्तम झालाय चहा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला फार त्रास झाला." हेस्तीच्या हातातले ताट तसेच राहिले. तुम्हाला. अंगणात पिंजरा खालीच होता. बू पार्ती आली, टोपली उतरवली, केळीचे पान पुसत म्हणाली, "काय मास्तरीणबाई, सूनबाई विलायतेला निघाल्या म्हणे? भात कोण करपवणार आता?"

इबूंनी हात मांडीवर जुळवून ठेवले, शाळेत तपासनीस आले की ठेवीत असतील तसे. "या फार हुशार आहेत," त्या मानाच्या भाषेत म्हणाल्या, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. "फार गुणाच्या आहेत. स्वयंपाकही उत्तम करतात. आम्हाला फार सुखात ठेवलं." मग, "आणि बू पार्ती, तो होला तुम्ही न्या. पक्षी फार सुंदर आहे. गातोही फार गोड."

बू पार्तीचा डाव भाताच्या पातेल्यात थांबला. तिने इबूंकडे पाहिले, मग हेस्तीकडे. अकरा वर्षे ती या ओट्यावर बसत होती. ती हसली नाही. हेस्तीच्या पानावर, पाहुण्याला वाढतात तशी, अंड्याची एक फोड जास्त ठेवली आणि पान तिच्यापुढे दोन्ही हातांनी सरकवले.

दुपारी इबूंनी विचारले, "ते गुण दिलेले कागद. काही उपयोगाला आले का हो?"

"फार उपयोगाला आले, इबू," हेस्ती म्हणाली. तिनेही मानाचे शब्द वापरले.

सोमवारी सव्वानऊला ती प्रयोगशाळेत गेली, यंत्र सुरू केले आणि मोठा तक्ता उघडला. कारणाच्या चौकटीत तिने लिहिले: सूचना नीट समजल्या नसाव्यात. मग सातवा रकाना वरपासून खालपर्यंत निवडला. तीन हजार दोनशे आकडे निळे झाले. तिने एक कळ दाबली. आठवा रकाना डावीकडे सरकून सातव्याच्या जागी आला, नववा आठव्याच्या, आणि फट कुठे होती ते दिसेनासे झाले. त्यासने पुन्हा हिशेब लावला आणि पडद्याकडे वाकून पाहिले.

"अय्या, म्बाक, आता कसं सगळ्यांचं जुळलं!"

"हो," हेस्ती म्हणाली. "पुढचा कागद दे."